स्पायडर प्लांटची टोकं का जळतात, आणि ते शोधायचं कसं?

"पेट झाली, आता प्रपोजलसाठी विषय सुचवा," असे मेसेज सध्या बरेच येतायत. खरं सांगायचं तर विषयांना तोटा नसतो. अडकतो आपण ते विषयाचा प्रश्न करताना. "जलप्रदूषणाचा वनस्पतींवर परिणाम" हा विषय झाला. त्यावर दहा वर्षं काम केलं तरी संपणार नाही आणि उद्या सकाळी नेमकं काय करायचं तेही कळणार नाही. म्हणून आज मुद्दाम एक साधं, घरातलं उदाहरण घेते. तुमच्या किंवा तुमच्या मैत्रिणीच्या खिडकीत ते बहुतेक असेलच: स्पायडर प्लांट. लांब पट्ट्यांसारखी पानं, मधे किंवा कडेला पांढरी रेघ, आणि लोंबत्या दांड्यांना लागलेली पिल्लं.

हे रोप घरात नीट जगवायचं कसं, हे तर सांगतेच. पण त्याच्या देखभालीबद्दल जे सल्ले फिरतात, त्यातला एकेक उचलून "हे कुणाला, कसं कळलं?" असं विचारायचं आहे. प्रपोजलच्या मुलाखतीत समोरचे हेच विचारतात, फक्त जरा कडक आवाजात.

आधी रोपाबद्दल

शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम. मूळचं आफ्रिकेचं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७९४ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा ते अँथेरिकम या प्रजातीत टाकलं होतं. क्लोरोफायटममध्ये ते नंतर आलं. आपल्याला ही प्रजाती अगदी परकी नाही. पावसाळ्यात बाजारात येणारी फोडशीची भाजी आणि औषधी म्हणून विकली जाणारी सफेद मुसळी याच प्रजातीतल्या. सफेद मुसळीचं नाव तर क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीवरून. (फोडशीची भाजी होते म्हणून स्पायडर प्लांटचीही करून बघू, असं कृपया नको. नातं एका गोष्टीचं आणि गुणधर्म दुसऱ्या गोष्टीचा, ही उडी संशोधनातही फार जण मारतात.)

कुंडीतून रोप उपसून बघितलंत तर पांढरी, जाडसर, गाजरासारखी मुळं दिसतील. त्यांत पाणी साठलेलं असतं. देखभालीचे निम्मे नियम या मुळांतून निघतात. चार दिवस गावाला गेलात तर रोप मरत नाही. पण रोज प्रेमाने पाणी घातलंत तर मुळं कुजतात आणि बुंध्याशी पानं पिवळी, मऊ पडतात. बोट मातीत दोन पेरं घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीला खाली भोक हवंच. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं.

उजेड भरपूर, पण दुपारचं थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. पानातल्या पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात ही पट्टेवाली जात लवकर मरगळते. मुळांनी कुंडी गच्च भरली की एक आकार मोठी कुंडी. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढायचा. एवढ्यावर रोप वर्षानुवर्षं जगतं.

"हवा शुद्ध करतं" म्हणजे किती?

बहुतेकांनी हे रोप आणलेलं असतं ते "नासाने सांगितलंय, हवा शुद्ध करतं" म्हणून. दावा हवेतून आलेला नाही. १९८४ मध्ये 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात बी. सी. वुल्वर्टन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांनी स्पायडर प्लांट, मनी प्लांट अशी काही रोपं बंद पारदर्शक पेटीत ठेवली, आत फॉर्मल्डिहाइड सोडलं आणि ते किती घटतं ते मोजलं. घटलं. मग १९८९ मध्ये त्यांचा आणखी रोपांवरचा, बेंझीनसारख्या इतर वायूंचाही अहवाल आला, आणि तिथून "हवा शुद्ध करणारी झाडं" या याद्या जगभर गेल्या.

आता लक्षात घ्या, इथे कुणी खोटं बोललेलं नाही. बंद पेटीत वायू घटला, हे मोजमाप आहे. गडबड झाली ती पेटीतून घरात येताना. त्या पेट्या एक घनमीटरपेक्षाही लहान होत्या आणि बाहेरची हवा आत येत नव्हती. आपल्या घरात दाराच्या फटीतून, खिडकीतून हवा सतत बदलत असते. मग प्रश्न असा व्हायला हवा: हवा बदलण्यातून जेवढी सफाई आपोआप होते, तिच्या तुलनेत रोपाची भर किती?

हा प्रश्न कमिंग्ज आणि वॉरिंग या अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी २०१९ मध्ये नीट विचारला. त्यांनी नवा प्रयोग केलाच नाही. आधीच्या १२ अभ्यासांतले १९६ निकाल घेतले आणि सगळे एकाच एककात बसवले: एक रोप तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतं. मध्यक आला ०.०२३ घनमीटर.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, वही काढा. तुमची खोली दहा बाय बारा फूट, उंची दहा फूट धरा. १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. खोलीतली हवा तासाला एकदा बदलते असं धरलं तर तासाला ३४ घनमीटर. तेवढीच सफाई रोपांकडून करून घ्यायची तर ३४ भागिले ०.०२३. उत्तर सुमारे १,४८०. एका खोलीत दीड हजार कुंड्या! आणि आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात, पंखा चालू असतो, हवा तासाला एकदा नाही, कितीतरी वेळा बदलते. म्हणजे आकडा आणखी वाढणार. एक खिडकी उघडणं जास्त सोपं.

मला या पेपरमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी एकक बदललं. "इतके टक्के वायू घटला" हे एकक पेटीपुरतं असतं. पेटी बदलली की टक्केवारी बदलते. "तासाला किती घनमीटर" हे एकक कुठल्याही खोलीत चालतं. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे वीस पेपरांचे सारांश एकाखाली एक लिहिणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पेपर जरूर शोधून वाचा. जुन्याच आकड्यांतून नवं उत्तर काढता येतं, प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता.

आणखी एक गंमत. १९८९ च्या अहवालातच असं म्हटलं होतं की वायू काढून टाकण्यात पानांपेक्षा मुळांभोवतीच्या मातीचा, तिथल्या सूक्ष्मजीवांचा वाटा मोठा दिसतो. म्हणजे "रोप असलेली कुंडी" विरुद्ध "रिकामी पेटी" ही तुलना पुरत नाही. "रोप नसलेली, नुसत्या मातीची कुंडी" हवी. कंट्रोल म्हणजे काय ठेवायचं हे ठरवणं म्हणजेच अर्धा प्रश्न ठरवणं.

टोकं तपकिरी होतात तेव्हा

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. रोप बाकी टवटवीत, पण प्रत्येक पानाचं टोक वाळून तपकिरी. आईला विचारलंत तर म्हणेल पाणी कमी पडतंय. शेजारच्या काकू म्हणतील ऊन लागतंय. नर्सरीवाले दादा खत देतील. इंटरनेट म्हणेल नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, पाणी रात्रभर उघडं ठेवा.

सगळ्यांचंच थोडं बरोबर असू शकतं आणि अडचण तीच आहे. मुळांतून वर चढलेलं पाणी पानातून वाफ होऊन उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत. ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथे साठतात. म्हणून क्षार जास्त झाले तरी टोक जळतं, फ्लोराइड जास्त झालं तरी टोक जळतं, हवा फार कोरडी असली तरी टोक जळतं. लक्षण एक, कारणं पाच. आजाराचं नाव लक्षणावरून सांगता येत नाही.

फ्लोराइडचं जरा सविस्तर सांगते, कारण स्पायडर प्लांट त्याला संवेदनशील म्हणून ओळखलं जातं. क्लोरीनयुक्त पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं, हे खरं. फ्लोराइड मात्र उडत नाही. पाणी उकळलंत तर उलट ते दाट होतं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा पर्यायच नसेल तर १.५. पण ही माणसासाठीची मर्यादा आहे, ती या रोपासाठीही सुरक्षित आहे असं आपोआप ठरत नाही. शिवाय फ्लोराइड पाण्यातूनच येतं असंही नाही. सुपर फॉस्फेट खतात ते असतं, माती हलकी करायला घालतात त्या परलाइटमध्येही असू शकतं. माती आम्लधर्मी असेल तर रोप ते जास्त उचलतं.

मग येतं आपल्या शहरी घरांतलं खास पाणी: आरओचं वेस्ट. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते कुंड्यांना घालतात, आणि हेतू चांगलाच आहे. पण हिशोब बघा. आरओची जाळी क्षार अडवते आणि अडवलेले क्षार वेस्टच्या नळीतून बाहेर जातात. येणाऱ्या पाण्यातलं निम्मं पिण्यासाठी आणि निम्मं वेस्ट निघत असेल, तर वेस्टमध्ये क्षार जवळजवळ दुप्पट. महापालिकेच्या १०० टीडीएसच्या पाण्याचं वेस्ट २०० च्या आसपास येईल, त्याने रोपाचं काही बिघडण्याचं कारण नाही. बोअरवेलच्या ८०० चं वेस्ट १,६०० च्या घरात जाईल, आणि ते महिनोन्महिने एकाच छोट्या कुंडीत घालणं वेगळी गोष्ट. म्हणून "आरओचं वेस्ट झाडांना चालतं" आणि "चालत नाही" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुठल्या पाण्याचं वेस्ट?

जूनचा सापळा

समजा एप्रिलमध्ये टोकं फार जळाली. तुम्ही मे संपता संपता पाणी बदललंत, आरओच्या वेस्टऐवजी साधं पाणी घालू लागलात. जुलैपर्यंत नवी पानं हिरवीगार, टोकांसकट. झालं सिद्ध?

मध्ये पाऊस आला. हवेतला ओलावा वाढला, ऊन कमी झालं, तापमान उतरलं, गच्चीत ठेवलेल्या कुंडीतले क्षार पावसाने धुऊन काढले. यातलं प्रत्येक कारण एकट्याने टोकं सुधारू शकतं. तुमचं पाणी बदलणं आणि मॉन्सून एकाच वेळी आले, आता ते वेगळे काढता येत नाहीत. याला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि महाराष्ट्रात "आधी-नंतर" पद्धतीने केलेल्या कुठल्याही झाडाच्या, मातीच्या, अगदी त्वचेच्या अभ्यासात जून महिना हा पहिला संशयित असतो.

त्यात भर म्हणजे आपण उपाय कधी करतो? रोप सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा. त्यानंतर काहीही केलं नाही तरी बऱ्याचदा थोडं बरं दिसतंच. म्हणून "आधी-नंतर" नको, "शेजारी-शेजारी" हवं. एकाच वेळी, एकाच खिडकीत, एक गट या पाण्यावर, दुसरा त्या पाण्यावर.

बारा पिल्लं, दोन पाणी

इथे स्पायडर प्लांट संशोधकाला जणू भेट देतं. लोंबत्या दांड्यावरची पिल्लं बियांतून आलेली नसतात, ती आईची हुबेहूब जनुकीय प्रत असतात. प्रयोगशाळेत एकसारखी रोपं मिळवायला लोक खटपट करतात, तुमच्याकडे ती फुकट लोंबतायत. दिवस लहान होऊ लागले की हे रोप दांडे धरण्याकडे झुकतं, त्यामुळे ऑक्टोबरनंतर पिल्लं मिळायची शक्यता चांगली. (हॉस्टेलच्या खोलीत रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट चालू असते, तिथे रोपाला रात्र कधी झाली हे कळतं का, हा वेगळा आणि छान प्रश्न आहे. कुणी घेतला तर मला कळवा.)

एकाच आईची बारा पिल्लं घ्या, शक्य तितकी एका आकाराची. वाटीभर पाण्यात मुळं दोन इंच होऊ द्या. मग बारा सारख्या कुंड्या, एकच माती. कोकोपीट वापरत असाल तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातच क्षार असतात. सहांना नळाचं पाणी, सहांना आरओचं वेस्ट. कुणाला कुठलं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. "ही जरा बारीक दिसतेय, हिला चांगलं पाणी देऊ" असं मनात आलं की प्रयोग तिथेच संपला. खिडकीतली जागाही चिठ्ठीनेच, आणि दर आठवड्याला जागा पुन्हा चिठ्ठीने बदला, कारण काचेजवळचं ऊन आणि भिंतीजवळचं ऊन सारखं नसतं.

प्रत्येक कुंडीला स्वतंत्र ताटली. हे क्षुल्लक वाटतं, पण सहा कुंड्या एका ट्रेमध्ये ठेवल्या की त्यांचं निचऱ्याचं पाणी एकमेकींत जातं, आणि तुमच्याकडे सहा रोपं न राहता एक ट्रे राहतो. हाच मुद्दा मोजतानाही येतो. एका रोपाची दहा पानं मोजली म्हणून नमुना दहाचा होत नाही. पाणी कुंडीला दिलंय, पानाला नाही. दहा पानांची सरासरी काढा, ती त्या कुंडीची एक नोंद. दोन्ही गटांत नोंदी सहा-सहाच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर लेख लिहिला आणि तिला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. लेख जुना आहे, चूक अजून ताजी आहे. तुमच्या विभागातल्या कुठल्याही सेमिनारला बसा, महिन्याभरात एक तरी सापडेल.

काय मोजायचं? एकदा तपकिरी झालेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. म्हणून जुनी पानं मोजण्यात अर्थ नाही, कात्रीने टोकं छाटली तर फक्त दिसायला बरं. पाणी सुरू केल्याच्या दिवशी असलेल्या पानांवर दोऱ्याची खूण करा, आणि फक्त त्यानंतर आलेली पानं मोजा: पूर्ण लांबी आणि तपकिरी भागाची लांबी, मिलिमीटरमध्ये. दहा-बारा आठवडे थांबावं लागेल. मोजायला रूममेटला बसवा आणि कुठल्या कुंडीत कुठलं पाणी हे तिला सांगू नका. हिरवं कुठे संपतं आणि तपकिरी कुठे सुरू होतं, हे ठरवताना डोळा आपल्या अपेक्षेच्या बाजूने झुकतो.

निकालाला सॉफ्टवेअरही लागणार नाही. बारा कुंड्यांतून सहा निवडायच्या ९२४ पद्धती आहेत. पाण्याने काहीच फरक पडत नसेल, तर आरओ-वेस्टच्या सहाही कुंड्या सगळ्यात जास्त जळलेल्या निघण्याची शक्यता ९२४ मध्ये एक. तसं झालं तर नुसत्या योगायोगावर ढकलणं कठीण. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाच्या आठ कपांवर हाच हिशोब करून दाखवला होता. तिथे पद्धती ७० होत्या. चिठ्ठ्या टाकण्याचं महत्त्व इथे कळतं. चिठ्ठ्या टाकल्या म्हणूनच ९२४ हा आकडा वापरायचा हक्क मिळतो. निकाल इतका स्वच्छ आला नाही, सरमिसळ झाली, तर मात्र सहा-सहा कुंड्यांमध्ये लहान फरक दिसणारच नाही हेही लिहून ठेवा. "फरक नाही" आणि "फरक दिसला नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि व्हायवात बरोबर तिथेच धरतात.

समजा फरक आला. आता काय म्हणता येईल? एवढंच, की या पाण्याने, या मातीत, या खिडकीत, या रोपाची टोकं जास्त जळतात. "फ्लोराइडमुळे" असं म्हणता येणार नाही. वेस्टमध्ये फ्लोराइड दाट झालं असेल तसं सोडियमही झालंय, बाकी सगळंच झालंय. टीडीएस मीटर हातात असला तरी तो किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. ५०० च्या आकड्यात १ मिलिग्रॅम फ्लोराइड त्याला दिसणारच नाही. आणि बाराही पिल्लं एकाच आईची, त्यामुळे "स्पायडर प्लांट" या सगळ्या जातीबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या घरांतल्या आया लागतील. सारखेपणा मिळवला त्याची ही किंमत.

फ्लोराइडच वेगळं काढायचं तर पुढचा प्रयोग लागेल: शुद्ध पाण्यात मोजून घातलेलं फ्लोराइड, तितकाच दुसरा क्षार असलेला कंट्रोल, आणि मातीचा सामू दोन पातळ्यांवर. ते घरात करू नका, त्याला प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक हवेत. पण बघा, "जलप्रदूषणाचा वनस्पतींवर परिणाम" इथून आपण कुठे आलो. हे वाक्य प्रपोजलमध्ये लिहिता येतं, त्याला बजेट लावता येतं, आणि ते चूक ठरू शकतं.

निकाल येईपर्यंत आई-रोपाचं काय करायचं? महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून साधं पाणी भरपूर ओता, खालून वाहून जाऊ द्या, साठलेले क्षार निघून जातील. पावसाचं पाणी धरता आलं तर उत्तम. सुपर फॉस्फेट नको, खत अगदी कमी, तेही वाढीच्या दिवसांतच. आणि तिची पिल्लं काढल्यावर तिला प्रयोगात घेऊ नका. ती बाराजणींत बसत नाही, वयाने मोठी आहे.

बारा पिल्लं एकदम मिळत नसतील तर आठ घ्या. तेव्हा पद्धती सत्तर, फिशरच्या चहाइतक्या.